बॉयलरच्या पोटात पंचामृत

बाबूराव जगदाळे कोणाच्या घरी कामाला आले की आधी भिंत ठोकून बघतात. आमच्याकडे पहिल्या दिवशी आले तेव्हाही तेच. मी चहाचा कप घेऊन उभी आणि हा चौऱ्याहत्तर वर्षांचा गृहस्थ मागच्या व्हरांड्याच्या भिंतीला कान लावून टकटक करतोय. मी म्हटलं, "काका, आत कोणी नाहीये." तर म्हणाले, "सूनबाई, ही भिंत पोकळ आहे. हिच्यावर वाफेचा पाइप टांगला तर एक दिवस भिंत अन् पाइप दोघं हातात हात घालून खाली येतील. उधरवाली दाखवा."

उधरवाली भिंत पसंत पडली, मग चहा प्यायले. तोही बशीत ओतून.

मी शैलजा. राजेंद्र नगरात आमच्या घराच्या मागच्या भागात माझा उकडीचा कारखाना आहे. कारखाना म्हणते मीच, आमचे हे त्याला "मागची भानगड" म्हणतात. खमण, अळूवडी, इडली रोजची, आणि गणपतीत मोदक. इंदूरची मराठी माणसं वर्षभर पोहे-जलेबीवर खूश असतात, पण चतुर्थीला मोदक उकडीचाच लागतो, आणि वळायचा मात्र दुसऱ्या कोणीतरी. ती दुसरी कोणीतरी म्हणजे मी आणि माझ्याकडे मोदक वळायला येणाऱ्या चार बायका. गेल्या वर्षी मोठ्या पातेल्यांतलं पाणी आटून दोन पातेली करपली, दीडशे मोदकांना जळका वास लागला, आणि मी ठरवलं की पुढच्या वर्षी वाफ एका जागी करायची आणि पाइपानं स्वयंपाकघरात आणायची. घरगुती छोटा बॉयलर मिळतो, गॅसवर चालतो. तो मागच्या व्हरांड्यात ठेवायचा, स्वयंपाकघरात स्टीलची दोन कपाटं, त्यांत जाळीचे ट्रे, ट्रेमध्ये मोदक. वाफ सोडली की झालं.

विकणारा म्हणाला, आमचा माणूस येऊन चाळीस मिनिटांत लावून देईल. सासूबाई आतून ओरडल्या, "चाळीस मिनिटांत तर माझी डाळ शिजत नाही. बाबूरावांना बोलवा."

सासूबाईंचं नाव सुलोचना, वय ब्याऐंशी, आवाज बावीसचा. माझे सासरे गिरणीत टाइम ऑफिसात कारकून होते आणि बाबूराव त्याच गिरणीच्या बॉयलर हाउसमध्ये. म्हणून ते सासूबाईंना वहिनी म्हणतात आणि मला सूनबाई. बाबूरावांचे वडील साताऱ्याकडून गिरणीच्या कामासाठी आले, मुलगा एकोणिसाव्या वर्षी बॉयलरवर लागला. तीस वर्षं त्यांनी वाफ राखली. सासरे सांगायचे, अख्ख्या गिरणीत हजारभर माणसं, पण साहेब सकाळी पहिला रामराम जगदाळ्याला करायचा, कारण तो रुसला तर माग बंद.

मग गिरणीच बंद पडली. बाबूरावांचं वय पन्नास. कोणी ऑटो घेतली, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी नुसतेच ओट्यावर बसून राहिले. बाबूरावांनी चार दिवस काही केलं नाही. पाचव्या दिवशी हत्यारांची पेटी लूनावर बांधली आणि एका लाँड्रीत गेले, कारण तिच्यापुढून जाताना त्यांना आतल्या पाइपाची ठणठण ऐकू आली होती. मालकाला म्हणाले, "भिया, तुमचा पाइप रडतोय." तासाभरात आवाज बंद केला. त्यानंतर लाँड्रीवाले झाले, केटरिंगवाले झाले, महूच्या दोन मेस झाल्या. अलीकडे विजय नगरात लोक बंगल्यात वाफेच्या खोल्या बांधून घेतात, तीही कामं आली. त्या खोल्या पाहून आले की हसत सुटायचे. "लोक आता हौसेनं घाम काढतात, सूनबाई! आमचा गिरणीत नको नको म्हणताना निघायचा."

बायको पाच वर्षांपूर्वी गेली. परदेशीपुऱ्यात दोन खोल्यांत एकटे राहतात. मुलगा अश्विन विजय नगरात कंपनीत आहे, नवव्या मजल्यावर फ्लॅट, बोलायला गोड, बापाची काळजी खरी. आमचं काम सुरू होतं तेव्हा त्याचा रोज फोन यायचा. बाबूरावांचे हात कामात, म्हणून फोन स्पीकरवर, म्हणून ऐकायला सगळे.

"बाबा, आपलं काय ठरलंय? लक्षात आहे ना?"

"आहे रे."

"गेल्या महिन्यात शिडीवरून घसरलात. हे शेवटचं नीट झालं तर ठीक, मी पुन्हा बोलणार नाही. पण यात काही गडबड झाली ना, तर बस. पेटी बंद, आणि माझ्याकडे राहायला यायचं. प्रॉमिस केलंय तुम्ही."

"केलंय बाबा, केलंय. फोन ठेव, मला पाइपाला आटे पाडायचेत."

फोन ठेवून मला म्हणाले, "त्याचं चुकत नाही. पण वो क्या है ना, नवव्या मजल्यावर मी करू काय? गॅलरीतली कबुतरं हाकलू?" हसले, पण ते हसणं काही मला खरं वाटलं नाही. पुढे म्हणाले, "कामात चूक झाली तर मीच थांबेन. वाफेशी खेळ नसतो. ज्याचा हात गेला त्यानं बॉयलरला शिवू नये, हे मला बापानं सांगितलंय."

तर त्यांचं काम असं पणाला लागलेलं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. पुढे मी काय केलं ते सांगते, म्हणजे माझ्या अकलेची कल्पना येईल.

चार दिवस त्यांनी काम केलं. बॉयलरच्या डोक्यातून पाइप आधी सरळ दोन फूट वर चढवला, मग आडवा घेतला. आडव्या पाइपाच्या शेवटाकडून एक फाटा परत खाली, बॉयलरच्या बुडाशी. मी विचारलं, "काका, स्वयंपाकघर या बाजूला आहे, हा फाटा खाली कुठे चालला?" तर विळी बाजूला ठेवून ऐकावं असं समजावून सांगितलं. वाफेबरोबर थोडं पाणी उडतंच. वाफेला आधी उंच चढवलं की पाणी जड असल्यामुळे दमतं, मागे पडतं, आणि त्या फाट्यानं निमूट घरी परत जातं. पुढे जाते ती कोरडी वाफ. कोरडी वाफ मोदक शिजवते, ओली वाफ मोदकाला आंघोळ घालते.

तिथून स्वयंपाकघरापर्यंतचा पंधरा फूट पाइप त्यांनी चढता ठेवला. वाटेत वाफ थंड होऊन जे पाणी होईल ते ओघळून मागे यायला पाहिजे, म्हणून पाइपाला ढाळ. तो पाणसळ लावून तपासला, मग एक डोळा मिटून तपासला, मग सासूबाईंना खुर्चीवर बसवून त्यांच्याकडून तपासून घेतला. दाब वाढला की वाफ बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्वचा पाइप थेट जमिनीपर्यंत आणून तोंड मोकळं सोडलं. मला बजावलं, "याच्यावर जन्मात कधी कॉक बसवायचा नाही. कोणी कितीही शहाणा सांगो." शेजारी पाण्याची स्टीलची टाकी ठेवली. बॉयलरचा पंप लागेल तसं तिच्यातून पाणी घेतो आणि टाकी आपोआप भरते. बोरिंगचं पाणी चालणार नाही म्हणाले, क्षार फार, नळाला येणारं नर्मदेचंच हवं.

आणि मग त्यांनी बॉयलर धुतला. स्वयंपाकघराचा पाइप जोडायच्या आधी. धुण्याचा सोडा घालून पाणी उकळलं, वरवरचं पाणी बाजूच्या तोटीतून सोडलं, पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. पाच वेळा. मी म्हटलं, "अहो, नवाकोरा तर आहे." तर म्हणाले, "आटे पाडताना पाइपाला तेल लागतं. ते पाण्यावर तरंगतं. पाणी उकळलं की फेस येतो, अन् डाळ उतू जाते ना, तसं पाणी वर उसळून वाफेच्या पाइपात शिरतं. थेंबभर तेल-तूप बॉयलरच्या पोटात नको." बॉयलरला एक काचेची नळी असते, आतलं पाणी किती ते दाखवणारी. पाचव्या धुण्यानंतर तिच्यातलं पाणी असं स्वच्छ आणि स्थिर होतं की नळी रिकामी वाटावी.

हे सगळं मी ऐकलं होतं. माझ्या या कानांनी ऐकलं होतं!

शुक्रवारी स्वयंपाकघराचा पाइप जोडून झाला आणि सासूबाई म्हणाल्या, पूजेशिवाय वाफ सोडायची नाही. बरोबरच आहे. आमच्याकडे मिक्सर आणला तरी स्वस्तिक काढतात. हळद-कुंकू वाहिलं, टाकीच्या झाकणावर झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, पंचामृताचा नैवेद्य. तेवढ्यात बाहेर कचरागाडी आली आणि बाबूरावांची लूना वाटेत होती, म्हणून ते ती हलवायला गेले. सासूबाई म्हणाल्या, "शैलू, याच्याही तोंडी पडू दे की. वर्षभर आपल्याला जेवू घालणार आहे तो." मला ते इतकं पटलं! झाकण उचललं, आणि अख्खी वाटी टाकीत. दूध, दही, मध, साखर आणि घरचं कढवलेलं तूप. सासूबाईंनी सांगितलं, पण हात माझा. हार पुन्हा झाकणावर नीट ठेवला आणि नमस्कार केला. बाबूराव परत आले तेव्हा आम्ही दोघी प्रसन्न चेहऱ्यानं उभ्या होतो.

त्यांनी बॉयलर पेटवला. थोड्या वेळानं काचेच्या नळीतलं पाणी नाचायला लागलं. वर, खाली, वर, खाली. मग पाइपात धाडधाड सुरू झाली, जशी आत कोणी बत्त्यानं कुटतंय. स्वयंपाकघरातल्या कपाटात पहिले चाळीस मोदक होते. दार उघडलं तर ट्रेमध्ये पाणी, पाण्यात तांदळाची पेज आणि पेजेत सारण. चारही बायका माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या.

बाबूरावांनी आच कमी केली. तरी तेच. बॉयलर रिकामा करून पुन्हा भरला. भरला कुठून? त्या टाकीतून. पुन्हा तेच. शनिवारी त्यांनी वर चढणारा पाइप सोडवून आणखी फूटभर उंच केला. दिवसभराचं काम, गुडघे धरून उठत होते, बसत होते. तरी तेच. रविवारी सगळे जोड उघडले, पाइपांत डोळा घालून बघितलं. स्वतःशीच पुटपुटत होते. "तेल म्हणावं तर मी स्वतः धुतलंय. पाच पाण्यांनी. तेल नाहीच. म्हणजे पाइप. म्हणजे माझंच."

हे ऐकून तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडावा? छे! माझ्या डोक्यात फक्त चतुर्थी. सहा दिवस राहिलेले, पहिल्याच दिवसाचे सातशे मोदक सांगितलेले. रविवारी संध्याकाळी तिसऱ्यांदा पेज झाली आणि माझा तोल गेला. चारही बायका समोर होत्या. मी म्हणाले, "काका, खरं सांगू का? तुमचा हात गेला आता. आम्हीच वेडे, जुनी ओळख म्हणून तुम्हाला बोलावलं. त्या कंपनीच्या माणसानं चाळीस मिनिटांत लावला असता."

बाबूरावांनी पाना पुसला. दुसरा पाना पुसला. सगळी हत्यारं एकेक करून पेटीत ठेवली, झाकण लावलं. म्हणाले, "बरोबर आहे, सूनबाई." आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "उद्या कंपनीच्या माणसाला बोलवा. माझ्यामुळे तुमचे तीन दिवस गेले. ही पेटी इथेच राहू द्या, मला आता उचलत नाही. भंगारवाला आला की देऊन टाका." आणि लूना सुरू करून गेले.

जेवताना आमचे हे फक्त एवढंच म्हणाले, "तुझी जीभ धुवायला किती सोडा लागेल?" मी फणकारले. पण जेवण अर्धंच टाकून उठले.

सोमवारी सकाळी सासूबाई म्हणाल्या, तीन दिवस झाले, निर्माल्य काढ. हार उचलला, त्याच्याबरोबर टाकीचं झाकण सरकलं आणि आंबूस वास आला. आत वाकून बघते तर टाकीच्या कडेला पिवळं तुपाचं कडं, वर दह्याचे कण तरंगताहेत. थेंबभर तेल-तूप नको म्हणणारा आवाज कानात, आणि समोर घरचं कढवलेलं तूप! तीन दिवस तो म्हातारा बॉयलर रिकामा करत होता आणि ही टाकी त्याला पुन्हा पुन्हा पंचामृत पाजत होती.

मी सासूबाईंना हाक मारली.

सासूबाईंनी येऊन बघितलं. चष्मा वर केला, खाली केला. म्हणाल्या, "अगंबाई." मग हळूच, "टाकी धुऊन टाक. सोडा घाल. चालायला लागला की बाबूरावांना सांगू, आपोआप नीट झाला म्हणून. गणपतीची कृपा."

लाज वाटते सांगायला, पण तासभर मी तोच विचार करत होते. काय हरकत आहे? पन्नाशी उलटलेली बाई मी, चार बायकांसमोर एवढं तोंड टाकलं, आता त्याच तोंडानं जाऊन काय सांगू? मशीनला नैवेद्य भरवला म्हणून? टाकी घासायला काथ्याही हातात घेतला होता. मग नजर त्या पेटीवर गेली. आपोआप नीट झाला म्हटलं तर बाबूराव काय समजणार? की आपण लावला तेव्हा बिघडलेला होता आणि आपण गेलो तेव्हा सुधारला. हात गेला हे मग कायमचं पक्कं. काथ्या टाकला, ह्यांना म्हटलं, पेटी गाडीत ठेवा आणि मला परदेशीपुऱ्याला सोडा.

अश्विन आधीच येऊन बसला होता. ओसरीत दोन बॅगा भरलेल्या. बाबूराव इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीवर, देवळात चपलांवर लक्ष ठेवायला बसवलेल्या माणसासारखे. मला बघून उठले. "या सूनबाई. कंपनीचा माणूस आला?"

मी आडपडदा ठेवला नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. "काका, तुमचा पाइप चुकला नाही. मी शुक्रवारी टाकीत पंचामृत ओतलं. तुम्ही लूना हलवायला गेलात तेव्हा. आज टाकी उघडली तर आत तूप. मी तुम्हाला नाही ते बोलले. चार बायकांदेखत बोलले. माझं चुकलं हो काका." आणि रडू फुटलं. आता फुटलं तर फुटलं.

मला वाटलं, आता चिडणार. चिडायला हवं होतं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"पंचामृत. पळीभर की वाटीभर?"

"वाटीभर. मोठी वाटी."

"अन् त्यात तूप किती?"

"चार चमचे असेल."

"दहीपण होतं?"

"होतं ना. पंचामृत म्हटल्यावर."

ते पुन्हा खुर्चीत बसले आणि हसायला लागले. असे हसले की ठसका लागला, अश्विन पाणी घेऊन धावला. "चार चमचे तूप! अरे अश्विन, ऐकलंस? बावीस लिटरच्या बॉयलरात चार चमचे तूप अन् वर साखर! गिरणीतला मोठा बॉयलरसुद्धा नाचला असता रे!" डोळे पुसत होते. "सूनबाई, परत एकदा सांगा. याच्याकडे बघून सांगा." मी परत सांगितलं. अश्विनकडे बघून, हात जोडून सांगितलं की सगळा दोष माझा, तुझ्या वडिलांच्या कामात काडीची चूक नाही. अश्विन बिचारा ओशाळून म्हणाला, "अरे मावशी, ठीक आहे ना, होतं असं." पण बॅगांकडे बघत होता. बापाकडे बघायला तयार नव्हता.

बाबूरावांनी इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला, कामाचा घातला आणि म्हणाले, "चला."

टाकी त्यांनी स्वतः घासली, मला हात लावू दिला नाही. "तुमच्या हाताचा भरवसा नाही, आणखी काही भरवाल." बॉयलर सोड्यानं धुतला, तोटीतून वरचं पाणी सोडलं. पहिल्यांदा पांढरट आलं, मग पिवळट, मग नुसतं गढूळ, सातव्यांदा स्वच्छ. दुपारी चारला पेटवला. चारही बायका दारात. अश्विनही आला होता, कोपऱ्यात फोन हातात घेऊन उभा. नळीतलं पाणी गरम झालं, जरासं हललं आणि स्थिर राहिलं. धाडधाड नाही. कपाटात मी फक्त अकरा मोदक ठेवले होते, भीतीनं. दार उघडलं. अकराच्या अकरा उभे, कळ्या शाबूत, बूड कोरडं, वर चकाकी. एकीनं टाळी वाजवली. सासूबाईंनी आतूनच "मोरया!" म्हटलं. मी तर नाचायचीच बाकी होते. अश्विन बापाजवळ जाऊन म्हणाला, "मानलं, बाबा."

आणि पाइपात एकदा आवाज आला. ठण.

बारीकसा. भांड्यावर चमचा पडावा एवढा. मी म्हटलं, "जाऊ द्या हो काका, एवढं काय." बायका म्हणाल्या, आम्हाला तर ऐकूच आलं नाही. अश्विन म्हणाला, "बाबा, तो गॅसचा असेल." सगळेच त्यांच्या बाजूनं झाले होते. कोणालाही तो आवाज नको होता.

बाबूरावांनी पेटीतून लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, काढला. टोक पाइपाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून एकेक फूट सरकत निघाले. स्वयंपाकघराच्या भिंतीशी, माझ्या नव्या निळ्या टाइलांपाशी थांबले. बराच वेळ थांबले. पुन्हा ठण झालं तेव्हा त्यांनी मान हलवली.

"हा माझा," म्हणाले.

"म्हणजे?"

"इथे पाइप धरायला क्लॅम्प पाहिजे होता. टाइल इतकी सुंदर, भोक पाडायला माझं मन धजावलं नाही. म्हटलं, दोन टोकांचे क्लॅम्प धरतील. थंड पाइप धरतात. तापला की मधे झोळ पडतो, झोळात पाणी साचतं अन् वाफ त्याला ठोसे मारते. तुमच्या तुपाच्या गोंधळात हा ऐकू आला नाही." अश्विनकडे वळले. "या सांगतात ते ऐकू नकोस. काडीची चूक नाही, असं नाही. एक आहे. ही माझी."

मला रागच आला, खरं सांगते. मी एवढी परदेशीपुऱ्यापर्यंत जाऊन, नाक घासून, याला स्वच्छ सोडवून आणला, आणि हा माणूस स्वतःच्या मुलापुढे स्वतःच गुन्हा कबूल करतोय! तोंडावर आलं होतं, काका, गप्प बसा ना. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते खूश होते. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांची मान ताठ होती.

"टाइल फोडू?" मला विचारलं.

"अख्खी भिंत फोडा," मी म्हटलं.

त्यांनी ड्रिल लावलं. कोपर भिंतीला टेकवून धरलं. भोक पाडलं, क्लॅम्प बसवला, पाइप केसभर उचलून आवळला, पाणसळ लावली. मग पुन्हा वाफ सोडली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. पाइप मुका. बाबूरावांनी पेचकस पुन्हा कानाला लावला, टोक ते टोक ऐकलं आणि खाली ठेवला.

"अश्विन," ते म्हणाले, "मी काय म्हणालो होतो? चूक झाली तर थांबेन. झाली. तू म्हणशील तर येतो, शब्द दिलाय." आणि पेचकस पुन्हा उचलून म्हणाले, "पण ती मला ऐकू आली रे. तुम्हा कोणाला नाही आली, मला आली."

अश्विन पुढे आला. बापाच्या हातातला पेचकस घेतला, पाइपाला टेकवून स्वतःच्या कानाला लावला. कितीतरी वेळ ऐकत होता.

"मला तर काहीच ऐकू येत नाहीये, बाबा," तो म्हणाला.

"मग बरोबर आहे," बाबूराव म्हणाले.

अश्विननं डोळे पुसले आणि म्हणाला, "शिडीवर चढायचं नाही. एवढंच. बाकी तुम्हाला पाहिजे ते करा."